नाल्याच्या दोन्ही बाजूंची सरासरी

मनुष्यजातीविषयी खात्रीने बोलण्याचा अधिकार असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. विद्वान मी पुष्कळ पाहिले. पण ते बोलत ते कुठेतरी वाचलेले असे, आणि खोलात जाऊन चौकशी केली तर ज्याने लिहिले त्यानेही ते वाचलेलेच असे. अण्णा बोलत त्याला स्वतः गोळा केलेला पुरावा असे. माणसाच्या गरजा किती, त्याचा मोह कुठे सुरू होतो आणि कुठे थकतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. हा अभ्यास बंगलोरच्या उत्तरेला, येलहंक्याच्या रस्त्यावरच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, दोन किराणा दुकानांच्या विक्रीवरून झाला होता.

अण्णा धारवाडकडचे. घरी मराठी, शाळा कानडी आणि नोकरी इंग्रजी अशी त्यांची वाटणी होती. मराठी बोलता बोलता मधेच ‘स्वल्प थांबा’ म्हणत, आणि बेरीज मात्र कायम कानडीत करत. त्यांचे ओठ हलायला लागले की समोरच्याने गप्प बसायचे, हे कारखान्यात शिपायापासून सगळ्यांना माहीत होते. हुद्द्याने ते संख्याशास्त्रज्ञ. तयार झालेल्या सुट्या भागांपैकी मूठभर तपासून बाकीच्या ढिगाविषयी मत द्यायचे, हे त्यांचे काम. अशा माणसाला कोणत्या श्रेणीत बसवायचे हे कारखान्याला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. त्यामुळे पगार अधिकाऱ्यापेक्षा कमी, कामगारापेक्षा जास्त, आणि राहायला घर सुपरवायझरांच्या ओळीत. अण्णांना यात अन्याय दिसत नसे. मधे असणे त्यांना मनापासून आवडे. पुढे निवृत्त होताना त्यांनी जयनगरात घरासाठी जागा घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंनी रस्ता असलेली कोपऱ्यावरची जागा त्याच किमतीत मिळत असताना त्यांनी ओळीतली मधली निवडली. दलाल अस्वस्थ झाला. इतके सरळ गिऱ्हाईक म्हणजे यात आपणच कुठेतरी फसत असणार, असे त्याला वाटले.

मी साताऱ्याहून नुकताच नोकरीला आलेला, हॉस्टेलात राहणारा इंजिनियर. आठवडाभर सांबार-भात खाऊन रविवारी अण्णांकडे जेवायला जायचो. जेवणाआधी कॉफी. या कॉफीविषयी सांगितले पाहिजे.

काही महिने लक्ष ठेवून अण्णांनी असे काढले होते की आपल्या घरी येणारा माणूस सरासरी सव्वा कप कॉफी घेतो. वास्तविक काही जण एक कप घेत आणि काही जण दीड. सव्वा कप घेणारा माणूस त्या घरात कधी आलाच नव्हता. पण आकडा निघाला म्हटल्यावर त्याचा मान राखायला हवा. वहिनी पहिला कप भरून आणत, आणि तो संपला की चेहऱ्यावरची रेषही न हलवता दुसरा आणत, पाव भरलेला. नव्या माणसाला वाटे, दूध संपले. तो ओशाळून “राहू द्या हो वहिनी” म्हणे.

“घ्या की,” वहिनी म्हणत. “हा तुमचा नव्हे, सरासरीचा आहे. नाही घेतलात तर ह्यांना सगळं पुन्हा मोजायला लागतंय.”

वहिनी बेळगावच्या. नवऱ्याच्या शास्त्राविषयी त्यांची स्वतंत्र मते होती आणि ती त्या नवऱ्यासमोर, पाहुण्याला उद्देशून मांडत. “लग्नाच्या वेळी ह्यांना चार मुली दाखवल्या,” त्या एकदा मला वाढता वाढता म्हणाल्या. “ह्यांनी चौघींची सरासरी काढली असणार बघा. आणि त्या सरासरीच्या जवळात जवळ मी असणार.”

अण्णांनी घास खाली ठेवला. असे बोलणे ते थट्टेवारी नेत नसत. “तसं काही नाही,” ते म्हणाले. “तू स्वल्प वरच होतीस.”

बायकोची याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही, आणि मला वाटते वहिनींनाही ती पुरली. त्या दिवशी मला एक पोळी जास्त मिळाली.

‘तुम्ही सरासरीच्या वर आहात’ हे वाक्य अण्णा पुष्कळांना म्हणत. ही शाबासकी की ताकीद, हे कुणालाच कळत नसे. वसाहतीतल्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून जिलेब्या किती झाल्या आणि पाने किती उठली ते विचारून घेतले, आणि हात धुवायला उभ्या असलेल्या वरपित्याला हे वाक्य ऐकवले. ती सोयरीक टिकली. वरपित्याने अण्णांशी मात्र पुढे कधी ओळख दाखवली नाही.

त्यांचे एक आवडते मत होते. “माणूस एकटा भेटला की खोटं बोलतो,” ते म्हणत. “चारशे माणसं एकदम भेटली की त्यांना खोटं बोलताच येत नाही. म्हणून मी एकेकट्याला काही विचारत नाही.” आणि खरोखरच विचारत नसत. कोणत्या घरात काय आणि किती जाते हे वसाहतीत फक्त त्यांना माहीत असे, पण एका घराची गोष्ट दुसऱ्या घराला त्यांनी कधी सांगितली नाही. सगळ्यांविषयी मात्र जाहीर बोलत. दर सहामाहीला दुकानाबाहेरच्या फळ्यावर रंगीत खडूने घरटी सरासरी खरेदी लिहीत, आणि संध्याकाळी तिथे माणसे जमत. “रवा वाढलाय,” अण्णा सांगत. “म्हणजे वसाहतीत लग्नाच्या मुली झाल्यात. बघायला येणाऱ्यांना शिरा लागतोय.” मुलींचे बाप इकडे तिकडे बघत.

आता या दुकानांविषयी. आमच्या वसाहतीच्या मधून एक नाला जात होता. नाल्याच्या अलीकडे अधिकाऱ्यांचे बंगले आणि मोठे दुकान. पलीकडे कामगारांच्या चाळी आणि छोटे दुकान. दोन्ही दुकाने एकाच सहकारी सोसायटीची. प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड, आणि ते कार्ड ज्या दुकानात नोंदलेले तिथेच खरेदी करायची. अण्णा सोसायटीचे मानद सचिव. मी सहसचिव. माझी निवड कारखान्याच्या वाचनालयात पुस्तक हातात धरलेल्या अवस्थेत सापडल्यामुळे झाली होती.

छोटे दुकान अक्का चालवत. अक्का निपाणीकडच्या. नवरा आमच्याच कारखान्यात होता. तो वारल्यावर सोसायटीने त्यांना दुकानात कामाला घेतले आणि दुकानामागची एक खोली राहायला दिली. कामगारांच्या बायका रोज संध्याकाळी येऊन रोजच्यापुरते घेत: पाव किलो साखर, थोडी नाचणी, गुळाचा खडा, एका वेळची तूरडाळ. अक्का वजन चोख करत आणि वर सुनावत. “कालची डाळ शिजली काय? मग तोंड का असं?” असे विचारत, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबले की मागच्या बाईला म्हणत, “तू पुढं हो ग, हिचं आता पुराण सुरू झालं.”

सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे कारखान्याचे एक फार वरचे साहेब. त्यांना परदेशाहून परत येऊन तीन वर्षे झाली होती, पण प्रत्येक भाषणात ते नुकतेच विमानातून उतरलेले असत. तिकडे त्यांनी एक भव्य दुकान पाहिले होते, ज्यात माणसे टोपली घेऊन स्वतःच फिरतात. तेव्हापासून त्यांना आमची दोन दुकाने दोन जखमांसारखी सलत. निदान एक तरी बंद करावे असे त्यांच्या मनात होते, पण कोणते हे शास्त्रीय पद्धतीने ठरायला हवे होते. शास्त्र आमच्याकडे एकाच माणसाकडे होते.

अण्णांनी नियम तयार करून दिला. मोठ्या दुकानाची घरटी सरासरी महिन्याला सत्तर रुपयांच्या आसपास, छोट्याची तिशीत. दोघांची एकमेकांशी तुलना करणे अण्णांना अन्यायाचे वाटले. म्हणून त्यांनी असे सुचवले की प्रत्येक दुकानाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी. ज्या दुकानाची घरटी सरासरी लागोपाठ दोन सहामाह्यांत वाढणार नाही, ते बंद करावे. श्रीमंताने श्रीमंताइतके वाढावे, गरिबाने गरिबाइतके. हा नियम करताना आपण किती दयाळू आहोत याचा अण्णांना त्या आठवड्यात थोडा अभिमानही वाटला, असे मला आठवते. अध्यक्षांनी तो नियम मोठ्या समारंभाने मंजूर केला.

पहिली सहामाही गेली. मोठ्या दुकानात डब्यातले लोणी आणि बिस्किटे नव्याने आली होती. तिथली सरासरी वर गेली. अक्कांच्या दुकानातली होती तिथेच राहिली. कामगारांचा पगार तोच, पोटे तीच. आकडा वाढणार कशाने? आणखी एक सहामाही अशी गेली की दुकान बंद, आणि दुकानाबरोबर मागची खोलीही सोसायटीकडे परत.

अण्णा मला घेऊन अक्कांकडे गेले. नियम आपलाच आहे हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगून टाकले.

“म्हणजे तुम्हीच बंद करायला लागलात,” अक्का म्हणाल्या.

“मी नाही. सरासरी वाढली तर काही होत नाही. लोकांनी स्वल्प जास्त घ्यायला पाहिजे.”

“पाव किलो साखर जिला पुरते तिला अर्धा किलो घे म्हणून मी कसं सांगू हो अण्णा? पगार तुम्ही वाढवणार काय?”

अण्णा समोरची वजने लहानमोठी अशी ओळीने लावू लागले.

“आणि माझीही काढा की सरासरी,” अक्कांनी तराजू पुसत म्हटले. “सोपी आहे. एक बाई, एक खोली. भागाकार पण करायला नको.”

तिथून कारखान्याकडे परतताना नाल्यावरच्या पुलावर अण्णांचे ओठ हलत होते, पण कोणतीही बेरीज चाललेली दिसत नव्हती.

समितीत एक खजिनदार होते, व्यवहारी गृहस्थ. त्यांनी सुचवले, छोट्या दुकानाच्या नावावर चार मोठी बिले फाडावीत आणि महिन्याने माल परत आला असे दाखवावे. “काय बिघडतंय? बाईचं घर वाचेल.” अण्णांनी त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी कुणाच्या तरी अस्थी चोरायला सांगितल्या. खोटा आकडा लिहायचा ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात मावत नव्हती. खजिनदार नंतर मला म्हणाले, “तुमचे अण्णा फार मोठे आहेत. त्या अक्कांना आता त्यांच्या मोठेपणात बिऱ्हाड करू दे.”

हे खोचक होते, पण खोटे नव्हते. ते दोन-तीन आठवडे अण्णांकडे रविवारचे जेवण म्हणजे शिक्षा होती. एकदा तर वहिनी दुसरा, पाव भरलेला कप आणायलाच विसरल्या. अण्णांच्या लक्षातही आले नाही. हे वहिनींच्या लक्षात आले, आणि त्या काळजीत पडल्या.

मग एका रविवारी जेवताना वहिनी मोठ्या दुकानाविषयी बोलू लागल्या. सुपरवायझरांची ओळ खरे म्हणजे नाल्याच्या पलीकडे, अक्कांच्या बाजूला होती. अक्कांचे दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. पण सुपरवायझर स्वतःला अधिकाऱ्यांत धरत, त्यामुळे त्या ओळीतल्या सगळ्यांची कार्डे मोठ्या दुकानात होती. बायका पिशव्या घेऊन पूल ओलांडत, आणि ओझे घेऊन परत येत.

“काल तासभर उभी केली मला,” वहिनी म्हणाल्या. “मी अर्धा किलो रवा मागत्ये, तर मागून कुठल्यातरी साहेबाची बायको येते नि दहा डबे सांगते. तो दुकानदार माझा रवा तसाच तराजूत ठेवून तिच्याकडे पळतो. त्या दुकानात सगळ्यांत दरिद्री मी. अक्कांकडे गेले असते तर राणी झाले असते!”

अण्णांचा हात ताटाकडून तोंडाकडे जाताना मधेच थांबला. ओठ हलायला लागले. मी गप्प बसलो. वहिनींनी भात वाढायला घेतलेली वाटी तशीच हातात धरली.

“एनु?” अण्णा म्हणाले. “काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

“दरिद्री म्हणाले. खोटं आहे काय?”

“नाही नाही. अगदी बरोबर आहे.” मग माझ्याकडे वळून, “हे बघा. शाळेत दोन वर्ग आहेत. एक मोठ्या मुलांचा, एक लहान मुलांचा. मोठ्या वर्गातला सगळ्यांत बुटका मुलगा उचला आणि लहान वर्गात नेऊन बसवा. तिथं तो सगळ्यांत उंच. आता मोठ्या वर्गाची सरासरी उंची काय झाली?”

“वाढली,” मी म्हणालो. “बुटका गेला ना.”

“आणि लहान वर्गाची?”

“तीही वाढली.”

“आणि मुलगा?”

“मुलगा होता तेवढाच.”

“सरी, बरोबर,” अण्णा म्हणाले, आणि उष्ट्या हातानेच उठून आतल्या खोलीत गेले. वहिनी वाटी घेऊन तशाच उभ्या. “मी आता मुलगा आहे काय?” त्यांनी मला विचारले.

हिशेब सोपा होता. सुपरवायझरांच्या घरांतली खरेदी साधारण पन्नासची. सत्तरच्या दुकानात ती सरासरी खाली ओढत होती. तिशीच्या दुकानात गेली तर वर ओढणार. ओळच्या ओळ नाल्याअलीकडच्या दुकानातून पलीकडच्या दुकानात हलली, की दोन्ही दुकानांची सरासरी वाढणार, आणि कुणी एक दाणा जास्त विकत घ्यायची गरज नाही.

कोणीही दुसरा माणूस एवढ्यावर आनंदाने झोपला असता. अण्णा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या विभागात आले. लेथच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावे लागले.

“हे खोटं आहे काय?”

“नाही!”

“मग खरं आहे काय?”

मी कानाकडे बोट दाखवले. मला आवाजाची सबब होती.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “लोक आपल्या जवळच्या दुकानात जातील, हे खरं. दोन्ही सरासऱ्या वाढतील, हेही खरं. दोन खरं एकत्र आल्यावर खोट्यासारखं कसं दिसायला लागतंय, बघा की.”

हा प्रश्न त्यांनी घरीही मांडला असावा. कारण पुढच्या रविवारी त्याचा निकाल मी वहिनींकडून ऐकला. “मी म्हटलं ह्यांना, बाईची खोली वाचतीय की नाही? आणि माझी पायपीट वाचतीय की नाही? मग त्याला काय म्हणायचं ते तुम्ही सावकाश म्हणा.” त्या आठवड्यात ओळीतले पहिले कार्ड पलीकडे नोंदवले गेले. ते वहिनींचे होते.

बाकीच्यांना हलवणे मात्र कठीण होते. वहिनींसारखे खरे बोलणारे त्या ओळीत आणखी कुणी नव्हते. ओळीच्या तोंडाशी एक फोरमन राहत. ते हलले की बाकीचे हलणार हे उघड होते. आम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. फोरमन मुंबईहून आलेले, जाडजूड, मिशीचे.

“आम्ही? त्या दुकानात?” ते म्हणाले. “अहो अण्णा, तिथे माझ्या हाताखालचे हेल्पर जातात. उद्या माझी बायको त्यांच्या बायकांच्या मागे उभी राहणार?”

“मागे नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले. “त्या दुकानात आजपर्यंत ज्या घराची खरेदी सगळ्यांत जास्त आहे, त्या घरापेक्षाही तुमची जास्त आहे.”

फोरमनची मिशी थांबली. आतून त्यांची बायको दारात आली. “खरंच?”

“तिथे तुमचा नंबर पहिला येईल. इथे मोठ्या दुकानात तुमचा नंबर खालून—”

“तो राहू द्या,” फोरमन घाईने म्हणाले.

“खालून कितवा?” बायकोने विचारले.

“तुला काय करायचंय कितवा! अण्णा, ते कार्ड कुठं द्यायचं म्हणालात?”

आम्ही ओळीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि प्रत्येक घरी अण्णांनी फक्त त्याच घराचा खरा आकडा सांगितला. काही घरांत खुर्च्या मिळाल्या, काही घरांत दारातच बोलणे झाले. एका घरात तर फोरमन जाणार आहेत म्हटल्यावर आकडा ऐकायलाही कुणी थांबले नाही. आठवडा संपायच्या आत सबंध ओळ नाल्यापलीकडच्या दुकानाची झाली, म्हणजे जिथे ती राहत होती तिथली झाली.

अक्कांकडे संध्याकाळी नवा देखावा दिसू लागला. फोरमनच्या पत्नी उंबऱ्यातूनच सांगत, “दोन किलो तूरडाळ!” आणि दुकान ऐकते आहे ना याची खात्री करून घेत. पूर्वी त्या अर्धा-अर्धा किलो चार वेळा नेत, आता दोन किलो एकदा. महिन्याची डाळ तेवढीच शिजे. अक्का एक-दोन आठवडे हे पाहत होत्या. मग एकदा म्हणाल्या, “बाई, जरा हळू सांगा. डाळ बहिरी नाही.” सगळे दुकान हसले, आणि फोरमनच्या पत्नीही हसल्या. पहिल्या नंबरच्या गिऱ्हाइकाला हसणे परवडते. मोठ्या दुकानात त्यांना ते कधी परवडले नव्हते.

सहामाही संपली. वार्षिक सभा कारखान्याच्या हॉलमध्ये भरली. व्यासपीठावर झेंडूची माळ, अध्यक्षांपुढे पाण्याचा पेला, आणि त्यावर झाकण म्हणून क्रोशाचा रुमाल. अक्का मागच्या रांगेत, पदर घट्ट आवळून बसल्या होत्या. आकडे त्यांना कुणी सांगितले नव्हते. अण्णा सभेआधी कुणालाच सांगत नसत.

अध्यक्षांनी आधी विमानातून उतरून घेतले. मग अण्णांना आकडे वाचायला सांगितले.

अण्णा उठले. “मोठ्या दुकानाची घरटी सरासरी,” ते म्हणाले, “वाढली.” आकडा वाचला. टाळ्या.

“छोट्या दुकानाची घरटी सरासरी, वाढली.” आकडा वाचला. जास्त टाळ्या. मी मागे वळून पाहिले. अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पदर सोडला आणि शेजारच्या बाईकडे पानाची चंची मागितली.

इथे कोणीही खाली बसले असते. नियमाला दोनच आकडे लागत होते. अण्णा बसले नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि आवाज थोडा चढवला. “आता तिसरा आकडा. दोन्ही दुकानं एकत्र धरली, तर सबंध वसाहतीची घरटी सरासरी.” ते थांबले. सभेकडे, डावीकडून उजवीकडे, त्यांनी नजर फिरवली. “ही गेल्या सहामाहीत होती तेवढीच आहे. अजिबात वाढलेली नाही.”

सगळ्यांत मोठ्या टाळ्या याला पडल्या. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन्ही भाग वाढले आणि बेरीज मात्र स्थिर राहिली, याला ते स्थैर्य म्हणाले. तिकडे याला फार महत्त्व देतात, असेही म्हणाले.

अण्णा तसेच उभे होते. कुणीतरी हात वर करेल, कुणीतरी एवढे तरी विचारेल की हे कसे, याची ते वाट पाहत होते. हॉलमध्ये इंजिनियर होते, हिशेबनीस होते, गणित घेऊन पदवी मिळवलेले निदान दहा-बारा जण होते. मग कॉफी आली आणि सभा उठली.

घरी जाताना मी म्हणालो, “अण्णा, दुकान वाचलं.”

“वाचलं की.”

“मग?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं हो मी,” ते म्हणाले. “सगळं सांगितलं असतं.” थोडे अंतर चालल्यावर पुन्हा म्हणाले, “चारशे माणसं होती. एकदम.”

दुःख फार टिकले नाही. ते सुखी स्वभावाचे होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नव्या सहामाहीतल्या कॉफीपुडीचे आकडे दिसू लागले होते. अक्का त्या खोलीत पुढे कितीतरी वर्षे राहिल्या. अण्णांनी आपला नियम पुढच्याच बैठकीत मागे घ्यायची सूचना मांडली. पण इतका यशस्वी नियम मागे कसा घ्यायचा म्हणून अध्यक्षांनी ती फेटाळली, आणि नंतर तो नियम कुणी पुन्हा वापरला नाही.

ही प्रगती वरपर्यंत पोचली. काही महिन्यांनी दिल्लीहून एक अधिकारी आमच्या पद्धतीचा अभ्यास करायला आले. ते अक्कांच्या दुकानात पाच मिनिटे आणि अध्यक्षांकडच्या जेवणात दोन तास होते. मधल्या वेळात अण्णांनी त्यांना गाठले आणि कुणी न विचारता सगळे सांगून टाकले, दोन वर्ग आणि बुटक्या मुलासकट. अधिकाऱ्यांनी लक्षपूर्वक ऐकले, मान हलवली, आणि वसाहतीत शाळाही इतकी चांगली चालते हे ऐकून आनंद झाला, असे म्हणाले.

पुढे त्यांचा छापील अहवाल आला. छोट्या दुकानाच्या प्रगतीची त्यात तीन कारणे दिली होती: विक्रेतीचे मृदू बोलणे, मालाची आकर्षक मांडणी आणि ट्यूबलाइटचा प्रसन्न उजेड. दुकानात ट्यूबलाइट नव्हती. ती या अहवालाच्या आधारे पुढच्या वर्षी मंजूर झाली.